पकड सुटलेला बोल्ट

जुन्या मारुती ८००चं पुढचं चाक गतिरोधकावरून उतरलं की खालून 'खट्' असा एकच आवाज येतो. शॉकअप बदलून झालेले असतात, लोअर आर्मचा बुश नवा असतो, बॉल जॉइंटही नवा असतो. आवाज मात्र जात नाही. ब्रेक दाबला की गाडी किंचित एका बाजूला ओढते, सोडला की सरळ होते. शिरूर किंवा दौंडच्या गॅरेजमध्ये अशी गाडी आली, की जाणता मिस्त्री आणखी नवे पार्ट सुचवण्याआधी आर्म जिथे बॉडीला धरला आहे तो बोल्ट बघतो. वॉशरभोवती तांबूस भुकटी जमलेली दिसली तर निदान जवळजवळ झालंच. लोखंडावर लोखंड बारीक घासत राहिलं की अशी भुकटी पडते. बोल्ट काढल्यावर कळतं की तो बॉडीवरच्या ज्या ब्रॅकेटमधून जातो, त्याचं गोल भोक लांबट झालंय.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, आणि दोन्ही काठांना ऊस आहे. न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना, पाटसला भीमा कारखाना. गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी रस्त्यांना चाकोऱ्या पडतात. मांडवगण फराटा असो की वरवंड, डांबरी रस्ता सोडून शेतातल्या वस्तीवर जायचं म्हणजे कच्ची वाट ठरलेली. दूध घालायला, बाजाराला, दवाखान्याला जुनी गाडी अजून रोज निघते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे अगदी शेवटच्या गाड्याही आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि खासगी मोटारीची ती फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली. एवढे पैसे भरून गाडी ठेवणारा माणूस तिच्यावर खर्च करायला तयार असतो. तो खर्च योग्य जागी व्हावा, एवढंच.

या भागातल्या जुन्या गाडीचा एक गुण नजरेत भरतो. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. कोकणातल्या त्याच वयाच्या गाडीचा खालचा पत्रा गंजून चाळणी झालेला असतो, तिथे भोक दुरुस्त करायला धातूच उरत नाही. इथली गाडी धुळीने माखलेली असते, पण पत्रा बहुधा शाबूत असतो. म्हणून भोक दुरुस्त करण्याचं काम इथे करण्यासारखं आहे.

भोक लांबतं कसं, हे समजलं की दुरुस्तीतल्या निम्म्या चुका टळतात. पुष्कळांचा समज असा, की बोल्ट खुंटीसारखा आर्मचा भार झेलतो. खरं तर नीट आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि ब्रॅकेटचे दोन कान बुशच्या लोखंडी नळीवर दाबून धरतो. १२ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ कोरलेला बोल्ट व्यवस्थित आवळला तर जवळपास पावणेचार टनांचा दाब देतो. त्या दाबातून दोन्ही बाजूंना मिळून जे घर्षण तयार होतं, तेच एक टनापेक्षा जास्त ओढ सहन करतं. चाकाचा धक्का या घर्षणावर थांबतो, भोकाच्या कडेपर्यंत पोचतच नाही. दाब कमी झाला की नळी सरकू लागते, बोल्ट कडेवर आदळू लागतो. बोल्ट कठीण, ब्रॅकेट मऊ पोलादाचं. झिजतं ते ब्रॅकेट.

दाब कमी होण्याची कारणं साधी असतात. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या बोल्टच्या डोक्यावर खूण नसते, तो ४.६ प्रतीचा असेल तर त्याच मापात एक तृतीयांशाहून थोडाच जास्त दाब मिळतो. वॉशरखाली रंगाचा किंवा डांबराच्या लेपाचा जाड थर राहिला तर तो हळूहळू दबतो आणि बोल्ट ढिला होतो. सर्वांत वाईट म्हणजे टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट. भोकात गुळगुळीत दांडीऐवजी आटे आले, की प्रत्येक धक्क्याला ते कानशीसारखे कड खातात.

एक मिलिमीटर ढिलेपणाने काय बिघडतं, असं वाटू शकतं. आर्म सरकला की खालचा बॉल जॉइंट सरकतो. स्टिअरिंगचा टाय रॉड मात्र जागेवर असतो. स्टिअरिंगचा आर्म साधारण दहा सेंटिमीटर धरला, तर एका मिलिमीटरने चाक अर्ध्या अंशाहून थोडं जास्त वळतं. अलाइनमेंटच्या यंत्रावर जी चूक काढायला आपण पैसे देतो, तिच्यापेक्षा हे बरंच मोठं आहे. म्हणून अशा गाडीची अलाइनमेंट टिकत नाही आणि टायर एका कडेने खाल्ला जातो.

दौंड हे रेल्वेचं गाव. दौंड–मनमाड मार्ग १८७८ चा. रुळाच्या सांध्यावर फिशप्लेटचे बोल्ट ढिले पडले तर भोकांच्या कडा अशाच मार खातात, आणि तिथून निघणाऱ्या तिरक्या भेगांनी रूळ तुटू शकतो. म्हणून रेल्वेत रुळाच्या भोकांच्या कडा खास हत्याराने उतरत्या करून कठीण केल्या जातात आणि बोल्ट ठरावीक काळाने पुन्हा आवळले जातात. भोकाची कड हीच नाजूक जागा, हे रेल्वेने फार पूर्वी ओळखलं. मोटारीच्या कामात ती शिस्त अजून यायची आहे.

आता दुरुस्ती. सर्वांत झटपट उपाय म्हणजे भोक वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल मारणं. उसाच्या ट्रॉलीच्या पिनची भोकं अशीच भरली जातात आणि ट्रॉलीला ते चालतं, कारण तिच्या हुकाला सैलपणा लागतोच. मोटारीला हा उपाय लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भरलेला धातू आजूबाजूपेक्षा कठीण असतो, ड्रिल मऊ बाजूला पळतं आणि नवं भोक मूळ जागेवर येत नाही. शिवाय सगळी आच नेमकी भोकाच्या कडेला लागते. भोक मोठं करून १४ मिलिमीटरचा बोल्ट घालणं त्यापेक्षा बरं, पण मग बुशची नळीही मोठी करावी लागते आणि पुढच्या वेळी तसा बुश दुकानात तयार मिळत नाही.

पटण्यासारखं काम पट्टीचं, म्हणजे लांबट भोकावर नेमक्या भोकाची पोलादी पट्टी वेल्ड करण्याचं. गाडी जॅकवर नव्हे, घोडीवर ठेवायची. बॅटरीच्या वायरी काढायच्या, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी बाजूला करून झाकायची. आर्म उतरवून ब्रॅकेट चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचं. मग रॉकेल लावून पुसायचं आणि वर खडू फिरवायचा. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूवर रेघ काढतं. आता मूळ केंद्र शोधायचं. भोक एका दिशेने लांबतं, आडव्या दिशेच्या कडा बहुधा मूळ वर्तुळावरच असतात. त्यांच्यावरून व्हर्नियरने माप घ्यायचं आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटशी ताडून बघायचं. या मोजणीला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

दोन पट्ट्या, चार मिलिमीटर जाडीच्या, एकत्र धरून एकदम भोक पाडायचं आणि रीमर फिरवायचा, म्हणजे दोन्ही भोकं एकसारखी येतात. कोपरे गोल करायचे, कारण टोकदार कोपऱ्यातून भेग सुरू होते. लेथवर कातलेली सरळ दांडी दोन्ही कानांतून आणि दोन्ही पट्ट्यांतून आरपार घालायची, मध्ये बुशच्या लांबीची नळी. दांडी भोकं एका रेषेत ठेवते, नळी कानांना आचेने जवळ येऊ देत नाही. पट्ट्या बाहेरच्या बाजूने बसवायच्या, म्हणजे आतलं अंतर बदलत नाही. बोल्ट मात्र आठ मिलिमीटर लांब घ्यावा लागतो. आधी टाके मारायचे, दांडी हाताने फिरते का बघायचं, मग समोरासमोरच्या कडांवर आखूड वेल्डिंग करत, मध्ये थंड होऊ देत पट्टी पूर्ण करायची. वेल्डिंग पट्टीच्या बाहेरच्या कडेवरच. भोक आणि वॉशरची जागा तिच्यापासून लांब राहते. हे काम वेल्डरपेक्षा फिटरचं जास्त आहे. मोजणारा हात चांगला हवा.

जोडणी करताना गुळगुळीत दांडीचा, खूण असलेला नवा बोल्ट आणि नवा लॉक नट. दाब येणाऱ्या जागेवर रंग नाही. गंजरोधक प्रायमर बाकीच्या भागाला. आणि शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यानंतर, टॉर्क पान्ह्याने. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली येताच बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईच्या गॅरेजमध्ये सर्वांत जास्त चुकतं ते हेच.

काही गाड्यांना नकार द्यावा लागतो. ब्रॅकेट गंजून पातळ झालेलं असेल, अपघातात वाकलेलं असेल, किंवा आधीच कोणी वेल्डिंगचे डोंगर चढवलेले असतील, तर पट्टी कशावर बसवायची? नव्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगावच्या कारखान्यात फियाट लिनिया आणि पुंटो बनल्या, २०१७ पासून जीप कंपास बनते. आताच्या गाड्यांत जास्त ताकदीचं पातळ पोलाद वापरतात; आच लागली की त्याची ताकद उतरते. तिथे भाग बदलणं हाच मार्ग. पट्टीचं काम साध्या मऊ पोलादाच्या पिढीचं आहे, मारुती ८००चं, प्रीमियर पद्मिनीचं, जुन्या जीपचं.

काम झालं की अलाइनमेंट करून घ्यायची, आधी नाही. नट आणि ब्रॅकेटवरून रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवायची. तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा खालून बघायची: रेघ तुटली असेल तर नट फिरलाय, वॉशरभोवती पुन्हा तांबूस भुकटी असेल तर दाब कमी पडलाय. दोन्ही नसेल, तर पुढच्या वेळी बुश बदलेपर्यंत ब्रॅकेट विसरायला हरकत नाही.