घरातील कागदपत्रे : काय जपावे, काय टाकावे

दिवाळी जवळ आली की घराघरांतून आवराआवरीस प्रारंभ होतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात, कपाटांचे खण रिकामे होतात आणि वर्षभराचा पसारा रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन पडतो. जुनी भांडी, विटलेले कपडे यांविषयीचा निर्णय सोपा असतो. कागदांच्या बाबतीत मात्र अनेक कुटुंबांचा निवाडा नेमका उलटा होतो. शिक्क्याचा स्वच्छ कागद जपला जातो आणि कडा झिजलेला, मोडी लिपीतला कागद ‘आता हे कोणाला वाचता येते?’ असे म्हणून बाहेर टाकला जातो.

वास्तविक कागदाचे मोल त्याच्या रूपावरून ठरत नाही. तो हरवल्यास पुन्हा मिळेल काय, आणि मिळणार असल्यास कोठून, हा खरा प्रश्न होय.

सातबाऱ्याचेच उदाहरण घेता येईल. पीककर्जासाठी दरवर्षी उतारा काढला जातो आणि घरात त्यांचा गठ्ठा साठतो. मूळ नोंद शासकीय दप्तरात सुरक्षित असून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ पासून घरबसल्याही मिळू लागला आहे. म्हणून हा गठ्ठा कमी करण्यास हरकत नाही. हस्तलिखित काळातील एखादा उतारा तेवढा ठेवावा. संगणकीकरणात नावाची अथवा क्षेत्राची चूक झाली असल्यास ती दाखविण्यास तो उपयोगी पडतो. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. तथापि दस्ताचा क्रमांक आणि दिनांक ठाऊक नसल्यास शोध लांबतो, आणि तारण ठेवताना बँक मूळ दस्तच मागते. मृत्युपत्राची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. त्यामुळे नोंदणी न केलेल्या मृत्युपत्राची घरातील प्रत हीच बहुधा एकमेव प्रत असते.

सर्वांत मोठी हानी होते ती जुन्या कागदांच्या बाबतीत. जातीचा दाखला व त्याची वैधता यांसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. नातवाच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा निकाल अशा वेळी आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, किंवा कोतवाल बुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाव नमुना चौदामधील जन्म-मृत्यूच्या एका ओळीवर अवलंबून राहतो. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली, तेव्हा मोडीतील जुनी दप्तरे नव्याने उघडावी लागली. मोडी वाचणारे जाणकार आजही आहेत. रद्दीत गेलेला कागद मात्र परत येत नाही.

दुसरी अडचण कर्त्या माणसाच्या निधनानंतर उभी राहते. जमिनीवर वारसाहक्काने आलेला अधिकार तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावा, असे जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ मध्ये सांगितले आहे. प्रत्यक्षात दोन-दोन पिढ्या वारसनोंद होत नाही. पुढे आजोबांचा मृत्यूचा दाखला लागतो, आणि मृत्यूची नोंदच झाली नव्हती असे उघडकीस येते. एक वर्ष उलटल्यावर ही नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. ठेवींचेही तसेच. दहा वर्षे दावा न झालेली बँकठेव २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही, आणि २०२३ पासून ‘उद्‍गम’ संकेतस्थळावर अशा ठेवींचा शोधही घेता येतो. पण ठेव होती हेच घरी ठाऊक नसेल तर शोधणार कोण? सारे व्यवहार एकट्याच्या डोक्यात ठेवण्याची घरच्या कर्त्याची रीत कौतुकाची मानली जाते, ती पत्नीला आणि मुलांना फार महाग पडते. खाती, विमापत्रे, दस्त व कर्जे यांची एका पानाची यादी करून ती दोघांना तरी दाखवून ठेवणे अगत्याचे आहे.

टाकण्याजोगे पुष्कळच असते. वीज कायदा, २००३ नुसार सतत थकबाकी म्हणून न दाखविलेली रक्कम दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. त्याहून जुनी वीजबिले निर्धास्तपणे काढावीत. ग्राहक तक्रारीची मुदतही दोन वर्षांची आहे, तेव्हा खरेदीच्या पावत्या निदान तोवर, आणि हमीचा काळ त्याहून मोठा असल्यास तो संपेपर्यंत ठेवाव्यात. हातउसने अथवा उधारीच्या पावत्या व्यवहार मिटल्यावरही तीन वर्षे असू द्याव्यात. आधार, पॅन व बँक पासबुकाच्या छायाप्रती मात्र रद्दीत न देता बारीक फाडाव्यात.

राहिलेले कागद जपण्यास फारसा खर्च येत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. घरीही सुती बासन आणि वेखंडाचे दोन तुकडे पुरतात. जुन्या कागदास चिकटपट्टी लावू नये व लॅमिनेशन करू नये, कारण बसलेले प्लास्टिक इजा न करता निघत नाही. २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या आणि २०२१ मध्ये चिपळूणच्या पुराने घरोघरचे खालचे खण भिजविले. नदीकाठच्या घरांनी हे बासन प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर, एका हाताने चटकन उचलता येईल अशा जागी ठेवावे आणि त्याची जागा घरातील प्रत्येकास सांगून ठेवावी.