हृदयविकारावरील कॅथेटर-उपचार : कर्जतच्या रुग्णाला संशोधन काय सांगते?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात भीमेच्या काठापर्यंत पसरलेला कर्जत तालुका अवर्षणप्रवण म्हणून पूर्वापार परिचित आहे. (रायगड जिल्ह्यातील कर्जत तो वेगळा.) ज्वारीची शेते, रेहेकुरीचे काळवीट, सिद्धटेकचा गणपती आणि राशीनची यमाई ही त्याची ओळख. अशा तालुक्याच्या आरोग्याचा विचार आजवर पिण्याचे पाणी, साथीचे रोग आणि बाळंतपण या अंगांनीच प्रामुख्याने होत आला. हृदयविकार हा शहरातील बैठे काम करणाऱ्यांचा रोग, अशी समजूत होती. परंतु मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू यांनी शहर आणि खेडे असा भेद ठेवलेला नाही.

गावोगावी आता ‘अमक्याला स्प्रिंग टाकली’ असे सहज बोलले जाते. ही स्प्रिंग म्हणजे स्टेंट. धातूच्या बारीक जाळीची ही नळी कॅथेटर नावाच्या पोकळ, लवचिक नलिकेच्या साहाय्याने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्यात येते. छाती उघडावी लागत नाही आणि रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी परततो. मात्र त्यासाठी क्ष-किरण यंत्रणेने सज्ज अशी खास प्रयोगशाळा, म्हणजे कॅथ लॅब, आणि तज्ज्ञांचे पथक लागते. ही सोय नगर, शिर्डी, पुणे अशा ठिकाणी आहे. कर्जतहून नगर सुमारे पाऊणशे किलोमीटर. हे अंतर आणि हृदयाच्या झटक्यात मिळणारा थोडका अवधी यांचा मेळ कसा घालावयाचा, हा या लेखाचा विषय आहे.

स्वतःवरचा प्रयोग

कॅथेटर हृदयापर्यंत नेता येईल, ही कल्पना एके काळी वेडेपणाची मानली जात असे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टराने वरिष्ठांचा नकार असताना स्वतःच्याच दंडातील शिरेतून ६५ सेंटिमीटर लांबीची नळी आत सरकविली, त्याच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण विभाग गाठला आणि नळी हृदयात पोहोचल्याचे छायाचित्र घेतले. त्याबद्दल त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा टीकाच अधिक आली. पुढे अमेरिकेत कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांनी हे तंत्र विकसित केले व १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून देण्यात आले. तोवर फोर्समन हृदय सोडून मूत्ररोगाकडे वळले होते.

नळीने केवळ निदानच नव्हे, तर उपचारही करता येतो, हे चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे दाखविले. त्यांची रुग्ण ८२ वर्षांची वृद्धा होती. पायाची धमनी अरुंद झाल्याने बोटे सडू लागली होती. पाय कापावा, असा शल्यचिकित्सकांचा सल्ला होता आणि बाईंचा त्याला ठाम नकार होता. डॉटर यांनी एकाहून एक जाड नळ्या घालून धमनी मोकळी केली. पाय वाचला आणि पुढे मृत्यूपर्यंत त्या स्वतःच्या पायांवर चालल्या. मधुमेहामुळे पायाची बोटे काळी पडलेले रुग्ण आपल्याकडे काही कमी नाहीत. पायाच्या धमन्यांवर हा उपचार होऊ शकतो, ही माहिती मात्र त्यांच्यापर्यंत अभावानेच पोहोचते.

हृदयाच्या धमनीवरील पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे केली. नळीच्या टोकाशी बसवावयाचे सूक्ष्म फुगे ते घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर बनवीत असत. रुग्ण अवघा ३८ वर्षांचा होता आणि दहा वर्षांनंतरच्या तपासणीतही त्याची ती धमनी मोकळी आढळली. सर्वांच्या बाबतीत असे घडत नसे. फुग्याने रुंद केलेली धमनी काही महिन्यांत पुन्हा आवळली जाण्याचे प्रमाण मोठे होते. त्यावर उपाय म्हणून १९८६ साली फ्रान्समध्ये प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये सिग्वार्ट यांनी माणसाच्या हृदयधमनीत स्टेंट बसविले. १९९९ पासून औषधाचा लेप दिलेले स्टेंट प्रयोगात आले. जांघेऐवजी मनगटातील धमनीतून नळी नेण्याचे तंत्रही नव्वदच्या दशकात रुळले. त्यामुळे रक्तस्राव घटला व रुग्णाला तासन्‌तास पाय सरळ ठेवून पडून राहण्याच्या शिक्षेतून मुक्ती मिळाली.

घड्याळ आणि रस्ता

हृदयाचा झटका येतो म्हणजे नेमके काय होते? धमनीच्या आतील बाजूस साचलेल्या चरबीयुक्त थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा रक्तप्रवाह थांबतो. प्रवाह पूर्णपणे थांबला, तर त्या धमनीवर अवलंबून असलेला हृदयस्नायू मिनिटागणिक मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. अशा वेळी तातडीची अँजिओप्लास्टी हा सर्वोत्तम उपचार होय, याविषयी आता मतभेद नाही. अट एवढीच, की निदान झाल्यापासून सुमारे १२० मिनिटांच्या आत ती व्हावयास हवी.

कर्जतच्या दृष्टीने हा हिशेब करून पाहावा. वाडीवरून कर्जतला येणे, वाहनाची व्यवस्था, मिरजगावमार्गे नगरचा रस्ता, रुग्णालयातील नोंदणी, पथकाची जुळवाजुळव. यात दोन तास कधी संपले ते कळतही नाही. त्याआधीचा विलंब तर याहून मोठा असतो. भारतातील ५० शहरांमधील ८९ केंद्रांतून सुमारे २०,५०० रुग्णांची माहिती संकलित करणारा ‘क्रिएट’ हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागणारा मध्यम काळ त्यात ३६० मिनिटे आढळला. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. गरीब रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा अधिक होते आणि मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात धरला, तेव्हा ही तफावत उरली नाही. गरिबाचे हृदय मुळात दुबळे नसते, असाच याचा अर्थ प्रस्तुत लेखकास वाटतो.

मग कॅथ लॅबपासून दूर असलेल्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर ‘स्ट्रीम’ या आंतरराष्ट्रीय संशोधनाने २०१३ साली दिले. तीन तासांच्या आत आलेल्या, परंतु तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या १,८९२ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला थेट अँजिओप्लास्टीसाठी नेण्यात आले. दुसऱ्या गटाला आहे तेथेच गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देऊन नंतर, बहुतांशी ६ ते २४ तासांत, कॅथेटर-तपासणी करण्यात आली. मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. इंजेक्शनच्या गटात मेंदूतील रक्तस्राव किंचित अधिक आढळल्याने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी औषधाची मात्रा निम्मी करण्यात आली. तसेच सुमारे एकतृतीयांश रुग्णांत इंजेक्शनचा पुरेसा परिणाम न झाल्याने तातडीने नळी घालावी लागली. म्हणून इंजेक्शन दिले की काम संपले, असे नव्हे. रुग्णास पुढे हलविणे आवश्यकच असते.

तमिळनाडूत लहान रुग्णालये आणि कॅथ लॅब असलेली मोठी रुग्णालये यांची साखळी जोडून २,४२० रुग्णांवर हीच पद्धती पारखण्यात आली. लहान ठिकाणी ईसीजी, तेथेच इंजेक्शन, आणि मग मोठ्या ठिकाणी रवानगी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले.

तेव्हा कर्जतच्या रुग्णाने थेट नगर वा पुण्याची वाट धरण्याऐवजी प्रथम जवळच्या, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचावे, हे श्रेयस्कर. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम ही लक्षणे दिसताच ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पीत रात्र काढणे घातक ठरते. मधुमेही व्यक्तींना आणि स्त्रियांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो वा मळमळते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वांना चालत नाही. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे.

स्टेंट केव्हा नको?

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झटका आलेला नाही, चढ चढताना छातीत भरून येते व थांबल्यावर बरे वाटते, अशा स्थिर स्वरूपाच्या विकारात स्टेंटने आयुष्य वाढते काय? ‘करेज’ (२००७) आणि भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांचा ‘इस्केमिया’ (२०२०) या अभ्यासांत उत्तम औषधोपचाराच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. वेदना मात्र कमी होते, विशेषतः जिला वारंवार होते तिला वा त्याला. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीतील अडथळा आणि हृदयाची क्षीण झालेली शक्ती ही प्रकरणे निराळी. पण स्थिर विकारात ‘आजच्या आज स्प्रिंग टाका, नाहीतर धोका आहे’ असे कोणी म्हणाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास अवधी असतो. त्यासाठी जमीन गहाण टाकण्याची घाई करू नये.

खर्चाच्या बाबतीत १३ फेब्रुवारी २०१७ हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी राष्ट्रीय औषधी मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या : साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये. पूर्वी औषधलेपित स्टेंटसाठी लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत. या मर्यादेत नंतर वेळोवेळी बदल झाले आहेत. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेली जनआरोग्य योजना अँजिओप्लास्टीचा भार उचलते. २०२३ च्या शासननिर्णयाने तिचे संरक्षण दर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. रुग्णालय योजनेत समाविष्ट आहे की नाही, याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी आणि शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत न्यावे.

स्टेंट बसवून गावी परतलेल्या रुग्णाला रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या देण्यात येतात. झटक्यानंतर त्या साधारणपणे वर्षभर व त्यांपैकी एक पुढेही घ्यावयाची असते. बरे वाटू लागले म्हणून, सुगीच्या गडबडीत किंवा दात काढावयाचा म्हणून त्या परस्पर बंद केल्यास नव्या जाळीतच गुठळी धरू शकते. दाताच्या डॉक्टरांकडे जातानाही रुग्णालयाने दिलेला कागद बरोबर ठेवावा आणि गोळ्या थांबविण्याचा निर्णय स्टेंट बसविणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.