पुटांखालचा टायर

खंडेनवमी जवळ आली की कोल्हापुरात गल्लोगल्ली पाण्याचे पाईप बाहेर पडतात. उद्यमनगरातल्या लेथ मशीनपासून शाळेच्या रिक्षापर्यंत सगळं पुसून लख्ख होतं, झेंडूची माळ घालून बसतं. मोटारीची शेवटची सेवा ठरलेली असते : टायरला काळं पॉलिश. धुणारा पोरगा हातातला फडका झटकत विचारतो, "काका, टायरला चकाकी मारू काय? नाद खुळा दिसतंय बघा!"

दिसतंही तसंच. पण दिवाळीच्या आत तेच टायर तपकिरी आणि चिकट होतात. मग त्यावर पुन्हा पॉलिश. असं वर्षानुवर्षं चालतं आणि टायरवर पुटांवर पुटं चढतात. साध्या साबणानं ती निघत नाहीत, म्हणून मालक वैतागून आणखी एक पूट चढवतो.

ही पुटं असतात कशाची? तेलकट, झगझगीत पॉलिशात बहुधा सिलिकॉनचं तेल असतं. ते धड वाळत नाही, वरच बसून राहतं. राधानगरीच्या वाटेवरची तांबडी माती, उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ, ब्रेकची काळी भुकटी, सगळं त्याला धरतं. तालमीत तेल चोळून पैलवान हौद्यात उतरला की माती अंगाला धरते, तसंच. फरक इतकाच की पैलवान रोज आंघोळ करतो.

मात्र सगळा दोष पॉलिशचा नाही. रबराचा चीक मुळात दुधासारखा पांढरा. टायरला काळा रंग येतो तो कार्बन ब्लॅक नावाच्या काजळीमुळे. तिनं रबर चिवट होतं आणि उन्हातही टिकतं. हवेतल्या ओझोननं रबराला भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून टायरमध्ये मेण आणि काही संरक्षक रसायनं घातलेली असतात. टायर फिरेल तशी ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवा लागून तपकिरी होतात. म्हणजे तो तपकिरी रंग ही निव्वळ घाण नव्हे. म्हणूनच दर रविवारी टायर खरवडत बसू नये. पण पॉलिशची पुटं चढली असतील, तर ती एकदा मुळापासून काढायला हवीत.

त्याची रीत साधी आहे. गाडी सावलीत घ्यावी, टायर गार होऊ द्यावा. एका वेळी एकच चाक. आधी पाण्यानं माती घालवावी. मग टायरसाठी मिळणारं क्लीनर, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, हातमोजे घालून मारावं. मिनिट-दोन मिनिटं मुरू द्यावं, वाळू देऊ नये. नंतर कडक नायलॉनच्या ब्रशनं गोल गोल घासावं. पहिला फेस चहासारखा तपकिरी निघेल. धुऊन पुन्हा तेच. दुसऱ्या, तिसऱ्या, कधी चौथ्या खेपेला फेस पांढरा येतो, तेव्हा थांबावं. वाळलेल्या टायरवर पांढरा फडका फिरवावा. तो काळातपकिरी झाला नाही तर काम झालं. तारेचा ब्रश वापरू नये, रबर ओरखडतं. आणि रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये. पुटं निघतात खरी, पण तेल पिऊन रबर फुगतं आणि कमजोर होतं.

यानंतर हौस असेल तर पाण्यावर आधारलेलं पॉलिश पातळ लावून, जादाचं पुसून घ्यावं. तेही फक्त बाजूला. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर कधीच नाही. मोटारसायकलच्या टायरला तर नाहीच नाही. वळणावर ती त्या बाजूवरच कलते.

धुतलेलं पाणी कुठं जातं, तेही पाहावं. आपल्या शहरातलं गटार जयंती नाल्याला मिळतं आणि नाला पंचगंगेला. टायरमधल्या '६पीपीडी' या संरक्षक रसायनापासून ओझोनच्या संगतीनं एक विषारी पदार्थ तयार होतो आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोहो सामन मासे त्यानं मरतात, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवून दिलं. पंचगंगेत सामन नाहीत. पण निदान नदीकाठी तरी चाकं घासू नयेत.

आता कुणी म्हणेल, टायरच तो, रस्त्यावर घासायचाच आहे. इतकी उठाठेव कशाला? माझी सारी नोकरी बँकेत गेली. मार्चअखेरचा ताळेबंद फार चकाकत असला की जुने अधिकारी आधी खतावणी मागवत. जुन्या गाडीवर कर्ज मागायला आलेल्यांच्या गाड्या पाहिल्या, तर एकूण एक टायर काळेभोर! चकाकी ही झाकायच्या कामी फार येते. बाजूच्या बारीक भेगा पॉलिशनं बुजतात, कट दिसत नाही, आलेला फुगाही पटकन नजरेत भरत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर भर उन्हात, मागच्या सीटवर नातवंडं असताना तो टायर फुटला, तर चकाकी कामाला येत नाही.

म्हणून टायर स्वच्छ निघाला की पाच मिनिटं त्याच्यापाशी बसावं. भेगा, फुगा, रुतलेला खिळा पाहावा. खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, नक्षी झिजली असेल तर टायर बदलावा. बाजूला कोरलेले चार आकडे वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, ही टायरची जन्मतारीख. नक्षी शाबूत असली तरी १० वर्षांपलीकडे टायर वापरू नये, असं अनेक टायर कंपन्याच सांगतात. हे आकडे पुटांखाली गडप झालेले असतात.

काळा दिसला नाही तरी चालेल. टायर दिसला पाहिजे.