पिंजऱ्यातल्या माकडाचं पोट

मंगळवेढ्यात ज्यांनी कोव्हॅक्सिन ही कोरोनाची लस घेतली, त्यांच्याआधी ती १५ माकडांनी घेतली होती. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २० ऱ्हिसस माकडांवर चाचणी केली. १५ जणांना लस, पाच जणांना बिनलसीचं इंजेक्शन, आणि मग सगळ्यांच्या नाकात नि श्वासनलिकेत विषाणू. आपण त्यांचे ऋणी आहोत. म्हणूनच अशा माकडांच्या एका दुखण्याबद्दल बोलायला हवं.

जगभरच्या प्रयोगशाळांत ऱ्हिसस माकडांना सर्वाधिक छळणाऱ्या आजारांत हगवण आहे. शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कित्येक माकडांच्या आतड्यात काही त्रास न देता असतात. माकड पकडलं, दूर नेलं, कळपातून तोडून एकटं ठेवलं, की हे जंतू उचल खातात. काहींची हगवण औषधालाही दाद देत नाही. जंतू सापडत नाही, आतडं सुजलेलं राहतं, जनावर खंगत जातं.

भेदरलेल्या जिवाच्या अंगात कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक वाढतं, जठर मंदावतं, मोठं आतडं घाई करतं. १९९९ मध्ये मायकेल बेली आणि ख्रिस्तोफर को या संशोधकांनी आईपासून दूर केलेल्या ऱ्हिसस पिल्लांची विष्ठा तपासली. तिसऱ्या दिवशी लॅक्टोबॅसिलाय हे उपकारक जिवाणू घटले होते. जी पिल्लं जास्त अस्वस्थ होती, त्यांना जंतुसंसर्गही अधिक झाला. आईचा विरह आतड्यापर्यंत पोचतो, तो असा.

त्यात खाणं बदलतं. रानात पाला, फळं, बिया, किडे शोधण्यात दिवस जातो. पिंजऱ्यात तयार बिस्किटं समोर येतात. चोथा कमी झाला की आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्यही ओसरतं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मंगळवेढेकराला महिनाभर पावावर ठेवलं तर त्याचं पोट काय म्हणेल?

शिवाय आतडं सुजलं की प्रतिकारशक्तीही बिघडते, आणि लसीच्या चाचणीत मोजायची असते तीच. माकडाचे हाल आणि निकालातला गोंधळ वेगळे काढता येत नाहीत.

उपाय माहीत आहेत: सोबतीला जोडीदार, भुशात लपवलेले दाणे, नव्या जागेत रुळायला पुरेसा वेळ, आणि सुईसाठी दाबून धरण्याऐवजी स्वतःहून हात पुढे करायची सवय. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. तिने प्रत्येक संस्थेला सांगावं, की किती माकडं एकटी ठेवली आणि कितींना हगवण लागली, हे आकडे दरवर्षी जाहीर करा.