बालवयातील अपराधाची नोंद : गोपनीयता कशासाठी?

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे ओळखले जाते. महाराष्ट्राची सीमा येथून जवळ असून तुमसरहून येणाऱ्या लोहमार्गामुळे भंडारा-नागपूरकडील बाजारपेठ, शिक्षण व रोजगार यांच्याशी या गावाचे नाते जडले आहे. मराठी बोलणारी अनेक कुटुंबे या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अशा लहान वस्तीत प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो. संकटसमयी ही ओळख उपयोगी पडते. परंतु एखाद्या अजाण मुलाच्या हातून चूक घडली की तीच ओळख त्याच्या जन्माची बेडी ठरण्याचा संभव असतो.

समजा, चौदा वर्षांचा एक मुलगा मित्रांच्या नादाने भंगाराच्या चोरीत सापडला. बाल न्याय मंडळाने चौकशी केली, समज देऊन त्याला पालकांच्या स्वाधीन केले. पुढे तो शिकला, हाती कसब आले आणि एकविसाव्या वर्षी नोकरीसाठी त्याची चारित्र्य पडताळणी सुरू झाली. या वेळी सात वर्षांपूर्वीचा तो कागद बाहेर यावा काय? कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे : येऊ नये.

कायद्याची वाटचाल

अल्पवयीन अपराध्यास प्रौढांहून वेगळे वागवावे, हा विचार या प्रदेशास नवा नाही. बालाघाट जिल्हा जुन्या मध्य प्रांतात असताना तेथे १९२८ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. मुंबई इलाख्यात असा कायदा १९२४ मध्येच आला होता. तथापि निरनिराळ्या प्रांतांचे कायदे निरनिराळे राहिले आणि अनेक मुले प्रौढ कैद्यांसमवेत तुरुंगात खितपत पडली. पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९८६ साली त्या प्रकरणात न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले व देशभर एकच कायदा असावा असे सुचविले. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम संमत केला. त्यानंतर २००० चा व पुढे २०१५ चा अधिनियम आला. हा शेवटचा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात असून तिरोडीस व तुमसरास तो सारखाच लागू आहे. १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती या कायद्यान्वये बालक होय.

नाव प्रसिद्ध करण्यास मनाई

अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये चौकशी, तपास वा न्यायालयीन कार्यवाही यांविषयीच्या कोणत्याही वृत्तात मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून त्याची ओळख पटेल असा अन्य तपशील देता येत नाही. छायाचित्रही छापता येत नाही. ही मनाई वर्तमानपत्रांपुरती मर्यादित नाही. दृकश्राव्य माध्यमे व संपर्काची इतर साधनेही तीत येतात. म्हणून भ्रमणध्वनीवरून अशा मुलाचे छायाचित्र गावभर पाठविणाऱ्याने आपण कायद्याच्या बाहेर आहोत असे समजू नये. या कलमाचा भंग करणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेच संरक्षण गुन्ह्यास बळी पडलेल्या व साक्षीदार असलेल्या बालकांनाही आहे. केवळ बालकाचे हित साधत असेल, तरच मंडळ किंवा बाल कल्याण समिती लेखी कारणे नमूद करून ओळख प्रकट करण्यास परवानगी देऊ शकते.

येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानी घ्यावी. शहराच्या बातमीत नाव वगळले म्हणजे बहुधा पुरते. खेड्यात मात्र ‘अमुक आळीतील, अमुक दुकानदाराचा धाकटा मुलगा’ एवढे म्हटले तरी नाव सांगितल्यासारखेच होते.

पोलीस अभिलेख व चारित्र्याचा दाखला

याच कलमाने पोलिसांवरही बंधन घातले आहे. चारित्र्याच्या दाखल्यासाठी अथवा अन्य कारणासाठी बालकाचा अभिलेख पोलिसांनी उघड करावयाचा नाही. मग प्रकरण प्रलंबित असो वा निकाली निघालेले असो. कलम २४ आणखी पुढे जाते. दोषी ठरल्यामुळे प्रौढ व्यक्तीस जी अपात्रता प्राप्त होते, ती बालकास चिकटत नाही, आणि संबंधित अभिलेख विहित मुदतीनंतर नष्ट करण्याचा आदेश द्यावयाचा असतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार असे अभिलेख अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा ७ वर्षांपर्यंत सुरक्षित ठेवावयाचे, त्याहून अधिक काळ नाही.

या नियमास एक अपवाद आहे. ज्या अपराधास कायद्याने किमान ७ वर्षे शिक्षा सांगितली आहे, असा घोर अपराध १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने केला, बालन्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालविला आणि तो दोषी ठरला, तर ही सूट मिळत नाही व अभिलेख न्यायालयाकडे राहतो.

नोकरीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा एक निर्णय उद्‌बोधक आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उपनिरीक्षक पदासाठी निवड झालेल्या एका तरुणास, अल्पवयीन असताना लागलेल्या आरोपामुळे नियुक्ती नाकारण्यात आली होती. त्या आरोपातून तो मुक्तही झाला होता. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, व तो दोषी ठरला असता तरीही त्या वयातील गोष्ट त्याच्याविरुद्ध धरता आली नसती, असे स्पष्ट केले.

चौकशीचे अहवाल

मंडळापुढे येणाऱ्या सामाजिक अन्वेषण अहवालात मुलाच्या घराचे सारे चित्र असते : मिळकत, आजार, घरातील व्यसन, आईबापांतील कलह. ही माहिती मुलास सुधारण्याचा मार्ग शोधण्यासाठी घेतलेली असते, चावडीवर चर्चा करण्यासाठी नव्हे. म्हणून कलम ९९ अन्वये हे अहवाल गोपनीय आहेत. मात्र त्यांचा सारांश मुलास व पालकास कळविता येतो, जेणेकरून चुकीच्या मजकुराविरुद्ध त्यांना पुरावा देता यावा. दुसऱ्या मंडळासही तो कळविता येतो. तिरोडीचा मुलगा तुमसरात सापडला व त्याचे प्रकरण हिताच्या दृष्टीने स्वजिल्ह्याकडे सोपविले गेले, तर माहिती या मंडळाकडून त्या मंडळाकडे जाते. वाटेतील गावांना तिचे प्रयोजन नाही.

गोपनीयता म्हणजे पीडितावर अन्याय, असा समज करून घेण्याचे कारण नाही. पीडितास प्रकरणाचे अभिलेख व आदेश पाहण्यापासून वंचित ठेवता येत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे.

गावाचे कर्तव्य

वय ठरविताना शाळेचा दाखला, तो नसल्यास ग्रामपंचायतीचा जन्मदाखला महत्त्वाचा ठरतो. यास्तव या प्रकरणांची कुणकुण मुख्याध्यापक व ग्रामसेवक यांना सर्वांत आधी लागते. मागितलेली जन्मतारीख द्यावी. परंतु शाळेच्या नोंदवहीत वा दाखल्यावर त्या प्रकरणाचा शेरा मारू नये. तसा शेरा कायद्याच्या हेतूस बाधक ठरतो. कार्यालयांनी ही कागदपत्रे सर्वसाधारण फाइलींत न मिसळता बंद ठेवावीत. आपल्या पाल्याचा अभिलेख उघड झाल्याचे आढळल्यास पालकांनी बाल न्याय मंडळाकडे तक्रार करावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळते.

कायदा कागद नष्ट करू शकतो. लोकांच्या तोंडची गोष्ट नष्ट करण्याचे सामर्थ्य त्यास नाही. ते काम गावाचे आहे. एकविसाव्या वर्षी कामाच्या दारात उभ्या राहिलेल्या तरुणास चौदाव्या वर्षाच्या चुकीसाठी परत पाठविले, तर त्यास त्याच जुन्या वाटेवर ढकलल्यासारखे होईल. त्याचे नुकसान त्याच्या घरास सोसावे लागेलच, परंतु गावासही ते चुकणार नाही.