ऊन घरातही लागतं

चैत्र लागला की आपल्या वस्तीत वाळवणाची घाई सुरू होते. कुरडया, पापड, शेवया. सकाळी पाण्याच्या खेपा, मग चुलीवर चीक शिजवणं, मग बाजेवर जुनं लुगडं पसरून कुरडया घालणं. डोक्यावर टिनाचं छत, समोर पेटलेली चूल. नर्सची नोकरी करत असताना अशा कितीतरी बायांना आम्ही सलाईन लावलं. त्या म्हणायच्या, "सिस्टर, मी तर उन्हात गेलेच नाही, घरातच होते."

ऊन घरातही लागतं. टिन तापलं की घराची भट्टी होते. अंग गार ठेवायला शरीर घाम सोडतं. घामातून पाणी जातं, मीठ जातं. ते भरून निघालं नाही की डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, पायात गोळे येतात. लघवी गर्द पिवळी झाली, कमी झाली, तर शरीराला पाणी कमी पडतंय हे ओळखा.

बाया पाणी कमी का पितात, हे आम्ही विचारलं. उत्तर एकच: "प्यायलं की जावं लागतं, अन् दिवसा जायचं कुठं?" जी हापशावरून पाणी आणते, तीच घरात सगळ्यांच्या शेवटी पिते. हे बदललं पाहिजे. तहान लागायची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळानं पाणी प्या. चूल सकाळी लवकर पेटवा, जमलं तर बाहेर सावलीत मांडा. टिनाला वरून पांढरा चुना मारला तर घर कमी तापतं.

जुलाब-उलटी झाली तर ओआरएस द्या. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त नको, लेकराला अपाय होतो. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. ६ महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला वरचं पाणी देऊ नका. उन्हाळ्यातही आईचं दूधच पुरतं, फक्त जास्त वेळा पाजा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले, शुद्ध हरपली आणि अंग चटका बसावा इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. बाहेरचं वारं किंवा करणी म्हणून वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी घालून वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत पाण्याची सोय आपण करतोच. तशी घरातल्या बाईचीही करू. आणि येत्या ग्रामसभेत वस्तीच्या नळाचा आणि शौचालयाचा विषय बायांनीच मांडू. आम्ही सोबत आहोत.