गांधिक : गंधाचा मान आणि गंध्याचे स्थान

कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गांधिकाने द्वाराचे दान केल्याची नोंद आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय करणारा, ज्याला पुढे आपण गंधी म्हणू लागलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गृहस्थाने आपल्या नावाशेजारी आपला धंदाही दगडात कोरवून घेतला. धंद्याची लाज असती, तर तसे घडते ना. लेण्याचे द्वार करवून देण्याइतके द्रव्य त्याच्या गाठी होते, हेही उघडच आहे.

या व्यवसायात पैसा होता, याला पंचतंत्राची साक्ष आहे. एकाला घेतलेला माल शंभराला जातो, मग सोन्याच्या व्यापाराची मातबरी ती काय, अशा अर्थाची गांधिकपण्याची स्तुती तेथे आढळते. स्तुतीत उपरोध किती आणि हेवा किती, हे वाचकाने ठरवावे! मनुस्मृतीचा सूर निराळा आहे. आपत्काळी वैश्यवृत्ती पत्करणाऱ्या ब्राह्मणाने जे विकू नये, त्या यादीत शस्त्र, विष, मांस आणि सोम यांच्याबरोबर सर्व प्रकारचे गंधही आहेत. निषेध ब्राह्मणापुरता आहे, हे खरे. पण ज्या गंधावाचून देवपूजा सरत नाही, त्याचीच विक्री विषाच्या पंक्तीला बसावी, हे नवलच.

कामसूत्रात नागरकाच्या मित्रांची जी गणना आहे, तीत रजक, नापित आणि मालाकार यांच्यालगत गांधिक येतो. ही माणसे घरोघर जाणारी, अंतःपुरापर्यंत वावर असलेली. त्यांच्यावाचून चालत नाही, आणि त्यांना बरोबरीचेही मानवत नाही. भागवतातील कुब्जा कंसासाठी उटी घेऊन निघालेली दासी आहे. विराटाच्या घरी द्रौपदीला आपले राणीपण लपवावयाचे होते, तेव्हा तिनेही सैरंध्रीचेच काम पत्करले. चंदन उगाळणाऱ्या हाताकडे पाहून राणीचा संशय कोणाला येणार?

हीच विद्या पंडिताच्या किंवा राजाच्या हाती गेली, की मात्र तिचे शास्त्र होते. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय दिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली, तर १,८२० गट होतात. त्यांतील प्रमाणे पालटीत गेल्यास १,७४,७२० गंध सिद्ध होतात, असा त्याचा हिशेब आहे. इतके गंध कोणी हुंगले नसतील, पण गणिताने ते मोजले! कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (११२६-११३८) याने मानसोल्लासात राजाच्या उपभोगांत विलेपन आणि धूप यांना स्थान दिले. मोगल दरबारात तर खुशबूखाना हे वेगळे खातेच होते. त्याचे हिशेब पाहणारा शाह मन्सूर पुढे अकबराचा दिवाण झाला. तो वर चढला, पण अत्तर काढून नव्हे, जमाखर्च लिहून.

मराठी वाचकाला अधिक जिव्हाळ्याचा वाटावा असा एक ग्रंथ आहे. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंगाधरकृत ‘गंधसार’ आणि त्याच्या जोडीचा ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने ते प्रसिद्ध केले. गंधसारात भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. भावना हा शब्द आज आपण मनोविकारासाठी योजतो; गंध्याच्या आणि वैद्याच्या घरी मात्र भावना देणे म्हणजे चूर्ण रसात भिजवून मुरवणे. धूपन म्हणजे धुरी देणे, आणि वासन म्हणजे फुलांच्या सान्निध्याने वास उतरविणे.

गंधवादाचे मोल वेगळ्या कारणासाठी आहे. त्यावर जुन्या मराठीत टीका आहे. नुसत्या शोभेसाठी अशा ग्रंथाचा देशी भाषेत उलगडा करण्याचे कोणाला काय पडले होते? ज्याला खल घेऊन बसावयाचे आहे, वजने तोलावयाची आहेत, त्याच्यासाठीच तो केला असावा, असे मला वाटते. संस्कृत श्लोक आणि बाजारातील पुडी यांच्यामधली ही वाट मराठीतून गेलेली आहे. कार्ल्याच्या द्वारावर गांधिक सिंहदत्ताचे नाव टिकले. गंधवाद रचणाऱ्याचे नाव मात्र पोथीत नाही.